माठाखालचं गाव

रविवारी सकाळी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर, मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. मी नातीला घेऊन जाते आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसते. बसते म्हणजे काय, हातात वाती वळायचा कापूस असतो आणि कान आत असतात. मी स्वतः शाळेत फार गेलेली नाही. वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, आणि लिहायला शिकले ती पोराच्या पाटीवर, त्याच्या शेजारी बसून. म्हणून कुणी शिकवत असलं की मला ऐकत राहावंसं वाटतं. फुकट मिळतंय ते का सोडा.

वर्ग घेणाऱ्या बाई नाशिककडच्या. लग्न होऊन, नवऱ्याच्या नोकरीपायी मैसूरला आलेल्या. वयानं माझ्या सुनेहून लहानच असतील, पण आवाजात अशी माया की दंगा करणारं पोरसुद्धा दंगा हळू आवाजात करतं. मुलं त्यांना मिस म्हणतात. वर्गात निम्मी मुलं अशीच महाराष्ट्रातून अलीकडं आलेल्यांची. त्यांची मराठी कशी, नुकतीच धुऊन इस्त्री केलेली. आणि निम्मी आमची, म्हणजे मैसूरच्या जुन्या मराठी घरांतली. आमची मराठी तुम्हाला सांगते, चालता चालता कन्नडात शिरते आणि परत यायचं विसरते. माझी नात शाळेतून आली की दारातूनच सांगते, "अज्जी, मला हसिवू लागली, लवकर वाढ." तिला भूक हा शब्द ठाऊक नाही असं नाही. पण भूक लागल्यावर कोण शब्द शोधत बसतं?

तर गोष्ट अशी झाली की एका रविवारी बाईंनी विषय दिला, माझं गाव. म्हणजे मूळ गाव. पुढच्या रविवारी एकेकानं उभं राहून सांगायचं.

आता आमची पंचाईत बघा. आम्ही मैसूरच्या या अग्रहार भागात किती वर्षं आहोत ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या सासऱ्यांचे आजोबा इथंच कापड रंगवायचे, छापायचे. त्यांचे वडीलही. त्याच्या मागचं विचारलं तर एक चुलता म्हणतो आपण बेंगळूरहून आलो, दुसरा म्हणतो तंजावरहून, आणि तिसरा थेट फौजेबरोबर घोड्यावरून आलो म्हणतो. पुरावा कुणाकडं नाही, भांडण मात्र दर लग्नात होतं. माझा मुलगा लेकीला म्हणाला, आपलं गाव मैसूरच, दुसरं काही नाही. तिनं नुसती मान डोलावली. मला तिनं विचारलंच नाही. आमचं गाव कुठलं ते तिला आधीपासून पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी एक मुलगा साताऱ्याकडच्या आजोबांच्या म्हशीबद्दल सांगत होता, सांगता सांगता त्यानं म्हशीसारखं ओरडूनही दाखवलं. नागपूरची एक उंच मुलगी आहे, पाचवीतली. ती म्हणाली, आमच्याकडं उन्हाळ्यात नळाच्या पाण्याचा थेट चहाच होतो. सगळे हसले. मग आमच्यातला एक उठला, "मैसूर" म्हणून खाली बसला. बाई म्हणाल्या, अरे पण मूळ गाव? तो फरशीकडं बघत राहिला. दुसऱ्यानं नंजनगूड सांगून वेळ मारून नेली, कारण तिथं त्याचा मामा राहतो. आणि मग माझी नात उठली.

"माझं गाव निळंपट्टण," ती म्हणाली. "आमच्या घराच्या मागं माठ आहे, त्याच्या खाली आहे. तिथली नदी शिंपी वारावर कापून देतो. पाहिजे तेवढी घ्यायची आणि घरी नेऊन पसरायची. चंद्र धुऊन दोरीवर वाळत घालतात, म्हणून कधी कधी दिसत नाही. आणि राजाचा एक हत्ती आहे, तो आमच्या माठात पडून तिकडं गेला, त्याची आंघोळ अजून चाललीय."

माझ्या हातातली वात तशीच राहिली.

हे निळंपट्टण काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमच्या घरच्या मागच्या अंगणात निळीचा माठ होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. त्यात नीळ, चुना, गूळ असं काय काय घालून ते आंबवायचं आणि वाट बघायची. नीट आंबून आलं तर कापड हिरवं बाहेर निघतं आणि वाऱ्यावर तुमच्या डोळ्यांदेखत निळं होतं. नाही आलं तर सगळं फुकट. कधी कधी माठ रुसायचा. कशानं रुसला ते रुसणाऱ्याला ठाऊक. त्यावर रंगाऱ्यांचा एक उपाय होता. घरातल्या मोठ्या माणसानं नाक्यावर जायचं आणि एक मोठी थाप ठोकून यायची. अगदी गंभीर चेहऱ्यानं. हसायचं नाही, कुणी काही विचारलं तर आणखी दोन गोष्टी जोडायच्या. संध्याकाळपर्यंत ती थाप दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपल्याच दारात परत आली, की समजायचं माठ सुधारला.

बायकांना कुठलं नाक्यावर जायला मिळतंय? त्या घरातल्या पोरांना गोळा करून माठाशी बसायच्या आणि त्यांनाच सांगायच्या. रोज नवीन थाप कुठून आणणार? मग एकच गाव धरलं आणि त्यातच भर घालत राहिल्या. ते निळंपट्टण. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं तेव्हा माठ बंद होऊन किती तरी काळ लोटला होता. पण घरात दुसरं काहीतरी रुसतंच की. दही लागत नाही, थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही. सासूबाई पातेल्यावर झाकण ठेवायच्या आणि पोराला जवळ घेऊन सुरू करायच्या. मीही तेच केलं. नात पाळण्यात होती तेव्हापासून पिठाच्या पातेल्याशेजारी निळंपट्टण ऐकत आलीय, आणि सकाळी उठून बघते तर पीठ वर आलेलं. पोरानं यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

 वर्गातल्या एकानं विचारलं, तिथं सिटी बस जाते की ऑटो करावी लागते? सगळा वर्ग खदखदून हसला. नागपूरची मुलगी बाहेर आली, माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या आईकडून फोन घेतला, तिथंच उभ्या उभ्या बघितलं आणि आत जाऊन सांगितलं, "मिस, मॅपवर नाहीच आहे." आणि सगळ्यात जोरात कोण हसलं? आमच्याच गल्लीतलं एक कार्टं. म्हणतो, "हिची अज्जी थापा मारते. माझी अज्जी सांगते मला." त्याच्या अज्जीला मी नंतर भाजीच्या गाडीपाशी गाठलं, ते वेगळं.

नात रडली नाही. तिनं दाराकडं, माझ्याकडं बघितलं. साक्षीदाराकडं बघावं तसं. बाईंनीही बघितलं. माझा चेहरा गंभीरच होता, इतक्या वर्षांची सवय. बाईंनी एक क्षण विचार केला आणि म्हणाल्या, हिचं अजून सांगून संपलेलं नाही, उरलेलं पुढच्या रविवारी ऐकू. आणि पुढच्या मुलाला उठवलं.

घरी आलो. चपला काढताना नात म्हणाली, "मी आता मराठीला येणार नाही. मला गावच नाही म्हणतात."

सून नजरबादच्या सरकारी कचेरीत काम करते. सही-शिक्का नसलेली गोष्ट तिला चालत नाही. ती म्हणाली, आई, सांगून टाका की तिला, गोष्ट होती म्हणून, एवढी मोठी घोडी झाली, लोक हसतात. मुलगा नंजनगूडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून ट्रेननं दमून आलेला, पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "मी पण केवढा होईपर्यंत खरंच धरून होतो. माझं काय बिघडलं?"

"काय बिघडलं ते मला विचारा," सून म्हणाली.

हसले सगळे, पण सुनेचं चुकत होतं असं नाही. गोष्ट ही, की आजवर आमच्या घरातल्या पोरांचं निळंपट्टण दुधाच्या दातासारखं आपोआप पडलं. कुणी ओढून काढलं नाही. हिचं मात्र वर्गासमोर हलवलं होतं. आता मी नुसतं "गोष्ट होती गं" म्हटलं असतं तर तिच्या हातात काय उरलं असतं? अख्खं घर आपल्याशी खोटं बोलत आलंय, आणि वर आपल्याला गावही नाही. मला ती गोष्ट सांगायला शिकवलं होतं. परत कशी घ्यायची ते सासूबाईंनी शिकवलं नव्हतं. आठवडाभर मी भाजी चिरता चिरता वाक्यं जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं. नात रविवारचं नाव काढलं की उठून जायची.

शनिवारी संध्याकाळी बाई स्वतःच आल्या. मी इडलीचं वाटून काढत होते, हात तसेच पुसून कॉफी ठेवली. त्या स्वयंपाकघरातच पाट ओढून बसल्या. म्हणाल्या, काकू, मला आठवडाभर चैन नाही. विषय देताना माझ्या डोक्यातच आलं नाही, की इथल्या मुलांना मूळ गाव विचारलं तर ती काय सांगतील. मग निळंपट्टण काय ते त्यांनी विचारलं. मी तुम्हाला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. त्या मध्ये हसल्या नाहीत, घाईनं मानही डोलावली नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, माठ बघायला मिळेल का?

माठ आता कुठला. सासऱ्यांनीच त्यात माती भरून टाकली होती. धुण्याच्या दगडाशेजारी त्याचा काठ तेवढा जमिनीबरोबर दिसतो आणि आत ओव्याच्या पानांचं झाड माजलंय. नात दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाई काठाशी उकिडव्या बसल्या तशी ती एकेक पाऊल टाकत आली.

"मिस, निळंपट्टण आहे की नाही? खरं सांगायचं."

"खरंच सांगते," बाई म्हणाल्या. "आधी मला सांग, तिथं कोण जाऊन आलंय?"

"हत्ती."

"आणि माणूस?"

ती विचारात पडली. "अज्जीच्या सासूची सासू. पण ती आता नाही."

बाईंनी झाडाखालची माती बोटांनी थोडी उकरली. "ही माती आहे. हिच्या खाली आणखी माती. आपण दोघी खणत बसलो तरी ती नदी लागणार नाही. पायानं चालत जाऊन यावं असं ते गाव नाही. मी तुला आहे म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल, आणि तुझ्याशी मला खोटं बोलायचं नाही."

 नातीचा खालचा ओठ पुढं आला. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, बाईंनाच विचारलं. "म्हणजे अज्जी खोटं बोलली?"

"थांब. इथं माठ होता तेव्हाचं बघ. नीळ घातलीय, दिवसामागून दिवस वाट बघताय आणि रंग येत नाही. कापड तसंच पडलंय. घरातली सगळी माणसं काळजीत. तू असतीस तर काय केलं असतंस?"

"रडले असते."

"मी पण. तुमच्या घरच्या बायका रडल्या असतील, नसतील. पण त्यांनी बसल्या जागी एक गाव केलं आणि पोरांना त्यात फिरवून आणलं. रंग येईपर्यंत."

नातीला हे पटलं की नाही कळेना. ती फार हिशेबी पोर आहे, आईवर गेलीय. म्हणाली, "पण पीठ फुगतं. मी स्वतः बघितलंय. गोष्ट सांगितली की फुगतं."

"पीठ उबेनं फुगतं. गोष्ट नाही सांगितली तरी फुगेल."

"मग सांगायची कशाला?"

"वाट बघणाऱ्या माणसासाठी," बाई म्हणाल्या. "पिठाला कशाला लागते गं गोष्ट?"

मला खरं सांगायचं तर ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी सांगत होते, पण कुणासाठी सांगतेय ते मनात आलं नव्हतं. सासूबाईंना कळलं असेल का? कोण जाणे. त्या पिठाचंच नाव घ्यायच्या.

नात माठाच्या काठावर बसली. हळू आवाजात तिनं तिची खरी अडचण विचारली. "मग माझं गाव कुठलं? सगळ्यांना आहे."

 मला वाटलं की आता बाई काय सांगणार. अंदाजानं साताऱ्याला बांधतात की काय आम्हाला. त्या म्हणाल्या, "माझ्या गावाला नदी आहे, देऊळ आहे, मोठा बाजार भरतो. सगळं माझ्या आधीचं. माझ्या घरच्या कुणीही त्यातलं काहीच केलेलं नाही, आम्ही नुसते राहिलो. तुझ्या घरच्यांनी एक गाव केलं, आणि ते कुठं बसून केलं ती जागा तुला दाखवता येते. मला नाही येत असं काही दाखवता."

नातीनं खाली बघितलं. तळहात काठावर ठेवला, मग दुसराही ठेवला. "इथं? म्हणजे अग्रहारात?"

"ते तू ठरव. उद्या सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नुसतं बसून ऐक, चालेल मला."

बाई कॉफी अर्धी तशीच सोडून गेल्या, ती गार झाली होती.  जेवताना सून मला डोळ्यांनी खुणावत होती, विचारा म्हणून. मी काही विचारलं नाही. ताक वाढताना नातीनंच विचारलं, "अज्जी, तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी तू हसायची नाहीस?"

"हसायचं नसतं. सासूबाईंनी तसं घालून दिलं होतं."

"पण तुला हसू यायचं का?"

"नदी वारावर कापतात ना, तिथं यायचं," मी म्हटलं. "म्हणून तर तिथं आल्यावर मी उठून झाकण बघायला जायचे."

तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. मग तिच्या नाकातून ताक आलं. हसत हसत ठसका, ठसक्यात हसू, सून पाठीवर थोपटतेय. श्वास मिळाल्यावर तिनं विचारलं, अप्पालाही ठाऊक आहे? सून म्हणाली, त्यांना कळून चारच दिवस झाले, अजून सावरले नाहीत.

तेव्हा मला वाटलं, निभावलं. आजवर या घरात ती गोष्ट ऐकणारी होती, आता आमच्या बाजूला येऊन बसली.

रविवारी मी बाकावर बसले, पण वाती वळल्या नाहीत. बाईंनी तिचं नाव मुद्दाम घेतलं नाही. इतर मुलांचं झालं आणि त्या नुसत्या थांबल्या. नात उठली. फ्रॉक दोन्ही हातांनी खाली ओढला.

"माझं गाव अग्रहार, मैसूर," ती म्हणाली. "मूळ पण तेच. त्याच्या आधीचं कुणाला ठाऊक नाही, लग्नात भांडतात. आमच्या घरच्या बायकांनी तिथं बसून निळंपट्टण केलं. ते मॅपवर नाही. ते केलेलं आहे."

मग माठ रुसायचा ते सांगितलं. नाक्यावरची थाप सांगितली, आणि ती तोंडातोंडातून फिरून घरी कशी यायची तेही. अज्जी थापा मारते म्हणणाऱ्या त्या कार्ट्याचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण त्याचेही खापरपणजे रंगारीच. नातीनं त्याच्याकडं बोट दाखवून सांगितलं, याच्या घरी पण माठ होता, याला विचारा त्यांचं गाव कुठलं. तो गडबडून म्हणाला, मी अज्जीला विचारून येतो.

मग हत्तीचं पुढं काय झालं ते मुलांना पाहिजे होतं. हत्तीचं पुढं मलाच ठाऊक नाही, सासूबाईंनी त्याला आंघोळीतच सोडलेलं. नातीनं डोळासुद्धा न लववता सांगितलं, की त्याला पाठ चोळायला माणूस मिळत नव्हता, म्हणून त्यानं निळंपट्टणात बातमी उठवली की वर मैसूर नावाचं एक गाव आहे, तिथं कापडाचा रंग आला नाही की माणसं खोटं बोलतात. आणि तिकडं कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही. हे कुठून आलं? माझं नाही. सासूबाईंचंही नाही. मी बाकावरून उठून दारात गेले.

नागपूरची मुलगी पुढच्या रांगेत होती, तिचं लक्ष तर अगदी लागून गेलं होतं. फोन मागायला ती बाहेर आलीच नाही. तिनं हात वर करून विचारलं, "तिथं आम्हाला घर मिळेल का?"

आता तुम्हाला सांगायला हवं, त्या वर्गातली निम्मी मुलं आमच्याच लोकांच्या घरांत राहतात. या मुलीचे आईवडील तर माझ्या धाकट्या दिरांच्या वरच्या माळ्यावर. बाईसुद्धा आमच्या मागच्या गल्लीत, आमच्या भावकीतल्याच एकाच्या घरात.

नातीनं क्षणभर विचार केला.

"मिळेल की," ती म्हणाली. "पण भाड्यानं. आणि अॅडव्हान्स आधी द्यावा लागेल."

बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या आया आधी एकमेकींकडं बघत राहिल्या, मग तोंडावर ओढणी घेऊन हसत सुटल्या. बाई फळ्याकडं वळल्या, काहीतरी लिहायचं म्हणून खडू हातात घेतला आणि त्यांना ते काही लिहिता येईना, खांदे नुसते हलत होते. नागपूरची मुलगी मात्र तशीच उभी होती. तिला घर पाहिजेच होतं. किती अॅडव्हान्स, असं तिनं विचारलं, आणि माझी नात, जिला आठवड्यापूर्वी गाव नव्हतं, तिला म्हणाली की तुला थोडं कमी करीन.